केमो संपल्यावर एकाच हाताला कळ

प्रश्न : माझे बाबा 62 वर्षांचे आहेत. इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. गेल्या वर्षी त्यांना बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. आर-चॉप नावाच्या केमोच्या सहा सायकल झाल्या, गाठी विरल्या. पायांच्या बोटांना मुंग्या तेव्हापासूनच येतात. पण महिनाभरापासून उजव्या खांद्यातून करंगळीपर्यंत कळ जाते, रात्रभर झोप नाही. आता तर शटरच्या कुलपात किल्ली फिरवता येत नाही. घराजवळचे डॉक्टर म्हणाले, "केमोचाच परिणाम आहे, बी-12 घ्या, जाईल." थांबून बघायचं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, थांबू नका. ज्यांनी केमो दिली त्या डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा. "हात दुखतो" एवढंच सांगाल तर गोळी मिळेल. किल्ली फिरत नाही, हे आवर्जून सांगा.

आर-चॉपमधलं व्हिन्क्रिस्टीन हे सदाफुलीपासून मिळणारं औषध. त्याचा त्रास सगळ्यात लांब नसांना (म्हणजे मज्जातंतूंना, रक्तवाहिन्यांना नव्हे) आधी होतो, म्हणून दोन्ही पाय आणि मग दोन्ही हात, जवळपास सारखेच बधिरतात. बाबांच्या पायांच्या मुंग्या त्यातल्याच असाव्यात. पण एकाच हातात कळ आणि वाढत जाणारी कमजोरी त्या हिशेबात बसत नाही. दोन्ही हात शेजारी ठेवून बघा : उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग बसलाय का?

मानेतली सरकलेली गादी किंवा नागीणही अशी कळ देते, त्यामुळे पत्रावरून मी निदान करणार नाही. पण मला काळजी आहे ती न्यूरोलिम्फोमॅटोसिसची. यात लिम्फोमाच्या पेशी थेट नसेत शिरतात. हा दुर्मीळ प्रकार आहे, म्हणूनच नजरेतून सुटतो. रक्त आणि नस यांच्यामध्ये एक अडसर असतो, त्यातून केमोची बरीच औषधं पुरेशी पलीकडे जात नाहीत. त्यामुळे गाठी विरल्या तरी नसेत आजार उरू शकतो.

पेट-सीटी (आजार कुठे सक्रिय आहे ते दाखवणारा स्कॅन) आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला एमआरआय लागेल. पेटसाठी मुंबई गाठायची गरज नाही, नागपुरात होतो. एमआरआय मात्र नुसत्या मानेचा नको, खांद्याकाखेतल्या नसांच्या जाळ्याचाही हवा. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. पाठीतलं पाणी तपासतील, पण त्यात पेशी सापडल्या नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. नसेचा तुकडा काढून पक्कं कळतं, पण हाताची महत्त्वाची नस सहजासहजी कापता येत नाही. तो निर्णय न्यूरॉलॉजिस्टसोबत बसून होतो.

निदान तेच ठरलं तर बहुधा भरती करून शिरेतून मोठ्या मात्रेत मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध देतात, सोबत त्याचा अपाय रोखणारं ल्युकोव्होरिन, भरपूर सलाईन आणि किडनीवर नजर. काहींना रेडिएशनही लागतं. आजार गंभीर आहे, हे लपवत नाही. कळ बऱ्याचदा आधी कमी होते, ताकद मागून येते, आणि उशीर झाला तर पूर्ण येईलच असं नाही.

एकाचे दोन दिसू लागले, चेहरा वाकडा झाला, पाऊल लोंबायला लागलं किंवा लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री इमर्जन्सीत न्या. आणि जाताना जुन्या पेटची सीडी घ्या, नुसता रिपोर्ट नको. आधीच्या स्कॅनमध्ये ती नस कशी दिसत होती, हे डॉक्टरांना स्वतः बघू द्या.