लेक नोकरी सोडून पीएच.डी. करायची म्हणते

प्रश्न: आम्ही मूळचे चिपळूणचे, आता न्यू जर्सीत असतो. मुलगी चांगली नोकरी सोडून शहरांची धोरणं आणि नागरी हक्क या विषयात पीएच.डी. करायची म्हणते. गावाहून सासरे विचारतात, "यात पोटाला काय मिळणार? आणि तिकडच्या लोकांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?" त्यांना काय सांगू?

उत्तर: ताई, मामंजींचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पोटाचा आधी घेते.

अमेरिकेत पीएच.डी. सहसा पदरच्या पैशांनी करत नाहीत. फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळतं. ते बेताचंच असतं, पण कर्ज काढावं लागत नाही. म्हणून विद्यावेतनाशिवाय नुसता प्रवेश देऊ केला, तर घेऊ नका, असंच मी म्हणेन. हमी किती वर्षांची, उन्हाळ्यात काय, आरोग्य विम्याचं काय, हे लेखी मागा. मार्गदर्शकांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हे तर विचाराच. पाच-सहा वर्षं सहज जातात आणि कायमची प्राध्यापकी थोड्यांनाच मिळते, तीही मिळेल त्या शहरात. महापालिकांचे नियोजन विभाग, धोरण-संशोधन संस्था, हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संस्था यांनाही हे शिकलेली माणसं लागतात.

आता ‘तिकडच्या भानगडी’. १९३० च्या दशकात अमेरिकेत एका सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे केले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यात लाल रंगवल्या, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. घरांच्या बाबतीतला भेदभाव १९६८ च्या कायद्यानं बंद केला, तरी वस्त्यावस्त्यांतली दरी आजही दिसते. कायदा होऊनही ती का उरते, हे शोधणं या विषयाच्या गाभ्याशी आहे.

मामंजींना महाडची आठवण द्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. ठराव झाल्यापासून ओंजळीत पाणी येईपर्यंत मधे कोण अडवतं, हाच तुमच्या लेकीचा विषय! आणि बाबासाहेब १९१३ पासून ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते तुमच्याकडून हडसन ओलांडली की लागतं.

शिवाय आपल्या माणसांना अमेरिकेचं दार मोकळं झालं ते १९६५ च्या कायद्यानं. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीनं देश ढवळून निघाला होता, तेव्हाचा तो कायदा. त्या लोकांचं आपल्यावर ऋण आहे, असं मी मनापासून मानते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते मामंजींना सांगायला नको. घर मालकाचं आणि वाहून गेलेला संसार भाडेकरूचा, तर भरपाई कुणाच्या नावानं निघते? लेकीला हे आजोबांनाच विचारू दे. दोघांचं बोलणं तिथून सुरू होईल, तुम्ही मध्यस्थी करत बसू नका.

विद्यावेतनासह आलेल्या प्रवेशाला उत्तर द्यायला बरीच विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. तोवर सगळी पत्रं शेजारी ठेवून वाचा, आणि नोकरीचा राजीनामा हमीचं पत्र हातात आल्यावरच.