दातांचा त्रास असलेले ससे फॉस्टरला घ्यावेत का?

तुमच्या प्रश्नातला मामला थोडक्यात असा. बंद पडलेल्या फार्महाऊसवरून सोडवलेले दोन ससे. नराचे पटाशीचे दात वाकडे वाढून ओठाबाहेर आले होते, ते कुणीतरी नेलकटरने कापून दिलेत. मादीच्या डाव्या डोळ्यातून सारखं पाणी, हनुवटी ओली, गाजर खाते पण गवताला तोंड लावत नाही. प्राणी सोडवणाऱ्या गटातल्या ताई म्हणतात, महिनाभर फॉस्टरला, म्हणजे तात्पुरते घरी, ठेवा, दात ठीक झाले की दत्तक देऊ. तुम्ही पुण्यात, नवरा-बायको दोघंही नोकरीला, दिवसभर घरी सासूबाई आणि एक मांजर. घ्यावेत की नाही?

घ्या, पण महिन्याची मुदत डोक्यातून काढून टाका. मी बरीच वर्षं असेच ससे सांभाळते आहे. दाढा एकदा बिघडल्या की मधुमेहासारखं जन्मभर सांभाळत राहावं लागतं. हे गटाला आणि तुमच्या घरच्यांना आधीच मान्य असेल तर पुढचं सगळं जमतं. नसेल तर तिसऱ्या महिन्यात खर्चावरून कटकट, चौथ्या महिन्यात फोन न उचलणं, आणि मधल्या मध्ये ससा उपाशी.

सशाला एकूण 28 दात असतात आणि सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढतात. पटाशीचे आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर, दाढा जरा सावकाश. गवत चावताना खालचा जबडा आडवा फिरतो, दाढेवर दाढ घासते आणि वाढ झिजत जाते. फार्महाऊसवर बहुतेक पोळी, बिस्किटं, गाजर आणि रंगीबेरंगी दाणे मिळाले असतील. त्यात जबडा नुसता वरखाली होतो, घासत नाही. मग खालच्या दाढांना जिभेच्या बाजूला आणि वरच्या दाढांना गालाच्या बाजूला टोकं येतात. ती टोचतात, जखमा होतात, लाळ गळते. गवत चावायला दुखतं म्हणून ससा मऊ तेवढं खातो, आणि मऊ खाल्ल्याने दाढा आणखी वाढतात. काही सशांचा दोष मात्र जन्मजात असतो. बुटक्या, चपट्या तोंडाच्या सशांचे जबडेच नीट जुळत नाहीत, त्यात खाऊ घालणाऱ्याचा काही दोष नाही.

आता तुमची मादी. डोळ्यातलं पाणी म्हणजे डोळ्याचा आजार असं समजून ड्रॉप टाकत बसू नका. दाढा वर वाढतात तशी त्यांची मुळंही मागे सरकतात. वरच्या दातांची मुळं डोळ्यातून नाकात जाणाऱ्या अश्रूनलिकेला दाबतात, नलिका तुंबते आणि पाणी गालावर वाहतं. खालच्या दाढांची मुळं खालच्या जबड्याच्या कडेवर टेंगळं उठवतात. हे घरी तपासता येतं: मांडीवर घेऊन हनुवटीखालून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोटं मागे फिरवा. दोन्ही कडा सारख्या लागल्या पाहिजेत. एका बाजूला हरभऱ्याएवढा कठीण उंचवटा लागला तर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या पायांची आतली बाजूही बघा. तिथली लव चिकट, गुंतलेली असेल तर ती तोंडाची लाळ किंवा नाकाचा शेंबूड पायांनी पुसते आहे. शेंबूड आणि शिंका असतील तर श्वासाचा संसर्गही असू शकतो. ते डॉक्टरांना वेगळं सांगा.

या मादीला कवटीचा एक्स-रे लागणार, त्याला पर्याय नाही. ससा जागा असताना ऑटोस्कोपने (कान तपासायच्या दिव्याच्या नळीने) तोंडात डोकावून 'दाढा बऱ्या दिसतात' म्हणणं अपुरं आहे, कारण मागची टोकं दिसतच नाहीत आणि मुळं तर हाडात असतात. भूल देऊन तोंड नीट उघडून बघणं, एक्स-रे काढणं आणि त्याच वेळी दाढा घासून घेणं, हे एका बैठकीत व्हावं. एक्स-रेशिवाय दर दोन महिन्यांनी नुसत्या दाढा घासत राहण्याला मी पैशाची नासाडी म्हणते.

भुलेची भीती सगळ्यांना वाटते, ती निराधार नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात भूल-गुंगीशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के आणि सशांत 1.39 टक्के होते. म्हणजे जोखीम कितीतरी जास्त, तरी शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त ससे सुखरूप उठले. ही जोखीम तुम्ही डॉक्टर निवडून कमी करू शकता. फोनवर एकच प्रश्न विचारा: 'भुलेच्या आधी किती तास उपाशी ठेवू?' कुत्र्या-मांजरासारखं 'रात्रीपासून काही देऊ नका' असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधा. सशाला उलटी होतच नाही, म्हणून रात्रभर उपाशी ठेवण्याचं काही कारण नसतं. उलट आतडं थंडावतं. पक्षी, ससे, कासवं नेहमी बघणारे डॉक्टर पुण्या-मुंबईत आहेत, थोडं लांब जावं लागलं तरी तिथेच जा.

नराचं प्रकरण दिसायला भयंकर, पण माझ्या मते दोघांत तोच सोपा. नेलकटर मात्र आजपासून बंद. कटरच्या दाबाने दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते, आतली नस उघडी पडते आणि काही आठवड्यांनी तिथे गळू येतं. दात बारीक फिरत्या चकतीने घासूनच कमी करायचा, तोही दर तीन ते सहा आठवड्यांनी. किंवा सरळ सगळे पटाशीचे दात काढून टाकायचे: वर चार (मोठ्या दोघांच्या मागे दोन चिमुकले लपलेले असतात), खाली दोन. ऐकायला क्रूर वाटतं, पण दाढा चांगल्या असतील तर मी याच बाजूची आहे. पटाशीचे दात नसलेला ससा ओठांनी घास ओढतो आणि दाढांनी चावतो. कोथिंबीर, गाजराचा पाला बारीक चिरून दिला, गवत कात्रीने बोटभर कापून दिलं की झालं. मूळ पुरतं निघालं नाही तर एखादा दात पुन्हा उगवतो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं बरं.

गळूबद्दल दोन शब्द, कारण मादीला ते पुढेमागे होऊ शकतं. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो. सुई घालून निघत नाही, फोडून वाहत नाही. गळू पिशवीसकट आणि कारणीभूत दातासकट काढावं लागतं, पुढे आठवडेच्या आठवडे औषध. यात सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे अँटिबायोटिक. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, घातक माजतात आणि ससा काही दिवसांत जातो. कुत्र्यांच्या दवाखान्यात हीच औषधं सवयीने लिहिली जातात. गोचिडांसाठी मारतात तो फिप्रोनिलचा स्प्रेही सशाला विषारी. ही चार नावं कागदावर लिहून पिंजऱ्यावर चिकटवा, म्हणजे तुम्ही ऑफिसात असताना कुणी धावपळीत दवाखान्यात नेलं तरी कागद दाखवता येईल.

तुमचं रोजचं मुख्य हत्यार म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. रोज सकाळी, खाण्याआधी, टोपलीत बसवून वजन. दुखणं लपवण्यात ससा तरबेज असतो, पण वजन लपत नाही. दीड किलोच्या सशाचं आठवड्यात 75 ग्रॅम कमी झालं, म्हणजे पाच टक्के, तर डॉक्टरांना फोन. दीडशे कमी झालं तर थेट गाडीत घाला. सोबत लेंड्या बघा: गोल, मोठ्या, चुरडल्यावर गवताचा भुसा दिसणाऱ्या असतील तर ठीक. बारीक, काळ्या, केसाने माळेत ओवल्यासारख्या येऊ लागल्या तर खाणं कमी झालंय. घास तोंडात घेऊन खाली टाकणं, करकर दात चावत कोपऱ्यात आक्रसून बसणं, ही दुखण्याची खूण. दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही.

सिरिंजने भरवणं शिकूनच घ्या, त्यावाचून हे ससे निभत नाहीत. आयतं पावडरचं खाद्य ऑनलाइन मिळतं. ते नसेल तर चांगल्या गवताच्या गोळ्या मिक्सरमध्ये दळून कोमट पाण्यात भिजवा, गाळून घ्या, नाहीतर सिरिंज अडकते. सशाला टॉवेलात गुंडाळून टेबलावर ठेवायचं, उताणं कधीच नाही. एक मिलीच्या सिरिंजचं टोक गालाच्या बाजूने, पटाशीच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत सरकवायचं आणि थोडं थोडं सोडायचं. जबडा हलला, गिळलं, मग पुढचं. घाईने ढकललं तर फुफ्फुसात जातं. साधारणपणे किलोमागे एका वेळी दहा ते पंधरा मिली, दिवसातून चार-पाच वेळा, आणि नेमकं प्रमाण डॉक्टर सांगतील. पोट टम्म फुगलंय, कान गार पडलेत, ससा लुळा झालाय, अशा वेळी भरवायचं नाही. ती आतडं अडल्याची लक्षणं असू शकतात.

गवताचं म्हणाल तर टिमोथी नावाचं सुकं गवत आयात होतं आणि महाग पडतं, पण दातांच्या सशासाठी मी तिथे काटकसर करत नाही. जोडीला हरळी चालते, छान चालते. गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुड्या ढिगाने मिळतात, फक्त रस्त्याकडेची, फवारणीची नको, आणि धुऊन कोरडी करून द्या. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि मूत्राशयात गाळ साचतो. अशक्त, वजन घसरलेल्या सशाला थोडे दिवस देतात, ते वेगळं. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, वास आला की फेकून द्या. त्याच दिवसांत माशांचंही बघा: लाळेने किंवा शी-शूने ओली राहिलेली कातडी दिसली की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. हनुवटी आणि शेपटीखालची जागा रोज कोरडी करायची. उन्हाळ्यात शहाबादी फरशीचा तुकडा पाणी शिंपडून ठेवा, तिशीच्या वर पारा गेला की सशाला सोसत नाही.

सासूबाईंचा उल्लेख तुम्ही अडचण म्हणून केलाय, मला ती तुमची सगळ्यात मोठी सोय वाटते. दुपारी घरात माणूस आहे! त्यांच्याकडे एकच काम द्या: तीन वाजता ताटलीतलं गवत हललंय का ते बघून कॅलेंडरवर टिक करायची. पोळीचा तुकडा मायेने देतील, तेवढं मात्र समजावून सांगा.

गटाशी बोलताना व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लिहून घ्या. दर खेपेच्या भुलेचा, एक्स-रेचा, औषधांचा खर्च कोण देणार. मध्यरात्री निर्णय घ्यायची वेळ आली तर शेवटचा शब्द कुणाचा. मादीच्या जबड्याचं हाडच सडलं असेल, औषधाला दाद मिळत नसेल, तर दयामरणाला गट तयार आहे का. हा प्रश्न विचारायला जड जातो, तरी पहिल्याच दिवशी विचारा. आणि दत्तक देताना दातांचा सगळा इतिहास, एक्स-रेसकट, नव्या घराला मिळणार का. 'थोडा दातांचा प्रॉब्लेम आहे' एवढ्यावर दिलेले ससे परत येतात, तेही वाईट अवस्थेत.

दोघांना एकाच खोलीत पण मध्ये जाळी लावून ठेवा. एकत्र ठेवले तर कोण जेवलं आणि लेंड्या कुणाच्या, काही कळत नाही. शिवाय नर-मादी आहेत, आणि सशीण विणं झाल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. आधीच गाभण असेल तर महिन्याभरात कळेलच, तोपर्यंत कोपऱ्यात एक खोकं आणि सुकं गवत ठेवा. कुणी 'दोघी बहिणीच आहेत' असं सांगितलं तरी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, सशांच्या बाबतीत हा विनोद फार जुना आहे. मादी वाचली, अंगात ताकद आली की तिची नसबंदी करा, कारण चार वर्षांपुढच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो.

मांजराचं शेवटी. दार बंद राहील अशी खोली नसेल तर नाही म्हणा. मांजराने काही केलं नाही तरी जाळीबाहेर बसून ते टक लावून बघत राहतं, आणि धास्तावलेला ससा खाणं सोडतो. खोली असेल तर आधी डॉक्टरांची वेळ घ्या आणि मग ससे आणा. नराचे दात कापून किती दिवस झालेत ते गटाला विचारा. तीन आठवड्यांच्या आत ते पुन्हा ओठाबाहेर येतील.