एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार): हा रिलॅप्स, म्हणजे आजाराची नवी उसळी, आहे का?

एमएसचं निदान नवीन असताना हातापायांना जराशा मुंग्या आल्या तरी धसका बसतो, साहजिक आहे. आधी घड्याळ बघा. नवा त्रास किंवा जुन्याचीच वाढ सलग 24 तास टिकली आणि अंगात ताप नसेल, तर न्यूरोलॉजिस्टना फोन करा. कडक उन्हातून आल्यावर किंवा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर धूसर दिसलं आणि अंग थंड होताच निवळलं, तर तो बहुधा रिलॅप्स नव्हे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- लघवीची तपासणी टाळतात. मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग जळजळ न होताही जुनी लक्षणं उसळवतो, आणि तो अंगात असताना रिलॅप्सवर दिलं जाणारं स्टेरॉइड घेणं धोक्याचं.
- घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच सुरू करतात.

एमआरआय कधी, ते डॉक्टर ठरवतील. मात्र डोळा हलवताना दुखून नजर मंदावली, पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर 24 तास मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.