पावसाळ्यात पेटीला पाणी पाजू नका

प्रश्न : जावई दुबईहून येताना पंचवीस क्यूबन सिगारची पेटी, निकाराग्वाच्या काही सुट्या सिगार आणि लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे आतला ओलावा राखून सिगार ठेवायची पेटी, घेऊन आला. सोबतच्या कागदावर ‘७० टक्के आर्द्रता ठेवा’ असं लिहिलंय, म्हणून पेटीत ओला स्पंज ठेवला. पेटीतला आर्द्रता मोजायचा काटा बरोबर ७० दाखवतो. तरी सिगार मऊ पडल्यात, एका अंगानंच जळतात आणि मध्येच विझतात. कुठं चुकतंय?
— एक निवृत्त सुभेदार, टिळकवाडी, बेळगाव

सुभेदारसाहेब, आधी त्या काट्याचीच झडती घ्या. पेटीबरोबर फुकट येणारा काटा बहुतेक वेळा शोभेचा असतो. माझा पहिला काटा सहा टक्के कमी दाखवायचा. म्हणजे मी ७० समजून ७६ वर सिगार मुरवत होतो!

तपासणी घरच्या घरी होते. पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या, त्यात चमचाभर मीठ घाला आणि थेंब थेंब पाणी सोडत जा. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं झालं की थांबा. झाकण आणि काटा शेजारी शेजारी झिपच्या पिशवीत ठेवून पिशवी बंद करा. रात्रभर ठेवा, एक अख्खा दिवस दिलात तर उत्तमच. अशा ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, मग बाहेर पाऊस असो की वैशाख. काटा ६९ म्हणाला तर त्याच्या प्रत्येक आकड्यात सहा मिळवायचे. ७९ म्हणाला तर चार वजा करायचे. झाकणातलं पाणी काट्यावर सांडू देऊ नका, एवढंच.

आता तो ७०चा आकडा. तो जुना ठोकताळा आहे आणि त्याला एक जोडीदार आहे, तो कागदावर छापायचा राहतो. ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २१ अंश. टिळकवाडीतल्या घरात एप्रिलच्या दुपारी २१ अंश कुठून आणणार? घर जितकं गरम, तितका आकडा खाली ठेवलेला बरा. त्यातून क्यूबन माल ओलाव्याला फार हळवा असतो. ६२ ते ६५ वर तो सरळ जळतो, धूर नीट खेचला जातो. ७० ला पोटातलं पान फुगतं आणि धूर खेचायची वाट गच्च बसते. तुमच्या तक्रारीचं मूळ तेच आहे. निकाराग्वा, होंडुरास, डोमिनिकन या सिगार ६५ ते ६९ सहन करतात. पण एकाच पेटीत सगळं ठेवायचं असेल तर सरळ ६५ धरा. कुणाचंच वाईट होणार नाही.

वरच्या पानाकडंही बघा. फिक्कं, रेशमासारखं पातळ कनेक्टिकट पान असेल तर चढउतार त्याला सोसत नाही. आतला तंबाखू फुगला की ते उकलतं. काळपट, तेलकट माडुरो पान जाड असतं. ते फाटत नाही, पण ओलं असलं की पेटायला कुरकुरतं, म्हणून माडुरो मी ६५ च्या वर कधी जाऊ देत नाही. अंगठ्याएवढ्या जाड सिगारला नवा ओलावा आतपर्यंत पोचायला तीन आठवडे लागतात. आज काटा ६५ वर आला म्हणून उद्या पेटवाल आणि मला पुन्हा पत्र लिहाल, असं करू नका.

तुम्ही विचाराल, हा निपाणीचा माणूस सिगारच्या गप्पा कशाला मारतो? मी चौतीस वर्षं तंबाखूच्या वखारीत माल पारखला. १९८१ ला शरद जोशींच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला तेव्हा मी वखारीत नवखा होतो. आमचा माल विडीचा, सिगारशी त्याचं सोयरं नाही. पण पानाला ओल कशी लागते हे विडीत आणि सिगारमध्ये सारखंच. शेतातला वाळलेला तंबाखू पहाटेच्या दवात गोळा करायचा, कारण दुपारी हात लावला की चुरा. आमचे मुकादम बोद, म्हणजे तंबाखूची पोती, उसवून मूठभर माल कानाशी न्यायचे आणि दाबायचे. कुरकुरला तर कोरडा, गप्प राहिला तर ओला. मधला एक बारीक आवाज असतो, त्याला ते ‘वाफसा आलाय’ म्हणायचे, पेरणीच्या जमिनीसारखं. सिगारला तेच करा, फक्त मूठ आवळू नका. पेटवायच्या टोकाजवळ दोन बोटांनी हलकेच दाबा. दबून परत वर आली तर ठीक. खळगा तसाच राहिला तर ती सादळलीय.

आता इलाज. स्पंज आजच बाहेर काढा. ही विद्या थंड, कोरड्या मुलखातून आली, तिथं पेटीत पाणी घालावं लागतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेलाच घाम फुटलेला असतो, पाणी आत घालायचं नाही, बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. त्यासाठी बोव्हेडासारख्या दुतर्फी पुड्या मिळतात. आत मिठाचं द्रावण असतं. हवा कोरडी असेल तर ओलावा सोडतात, दमट असेल तर ओढून घेतात. त्यावर आकडा छापलेला असतो, तुम्ही ६५ चा घ्या. पंचवीस सिगारमागं ६० ग्रॅमची एक पुडी पुरते. पावसाळ्यात ती टम्म फुगते, मार्च-एप्रिलमध्ये वाळून खडा होते. खडा झाली की बदला. आणि खरं सांगू का, जावईबापूंचा मान राखायला लाकडी पेटी बैठकीत ठेवा, पण पावसाळ्याचे चार महिने माल रबरी कडेच्या घट्ट प्लास्टिक डब्यात हलवा. लाकडी झाकणाची फट काही केल्या पूर्ण बसत नाही. डब्यात सिगारच्या पेटीतली सीडरची, म्हणजे त्या सुवासिक लाकडाची, एखादी फळी टाकली की वासही टिकतो. मऊ पडलेल्या सिगार पंख्याखाली मात्र वाळवू नका. वरचं पान आधी सुकतं आणि तडकतं.

प्रश्न : सिगारवर पांढरी बुरशी दिसते. दोन सिगारना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पण आहेत. दुकानदार म्हणतो, पांढरं म्हणजे सिगार मुरल्याची खूण. खरं का?
— खानापूरहून एक वाचक

दुकानदाराला म्हणावं, मग तूच ओढ! तेल बाहेर येऊन पांढरी झाक येते असं म्हणणारे आहेत, पण मला भेटलेली प्रत्येक पांढरी झाक बुरशीच होती. केसाळ दिसते का, ठिपक्याठिपक्यांनी आहे का, हिरवट-निळसर छटा आहे का, बघा. फक्त वरच्या पानावर थोडी असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि ती सिगार महिनाभर वेगळी ठेवा. पेटवायच्या टोकाच्या आत शिरली असेल तर टाकून द्या, तिथं कंजूषपणा नको.

तुमच्याकडं लोंढा-जांबोटीचा पाऊस. अथणीचा माणूस उन्हाळाभर ओलाव्यासाठी धडपडतो, तुम्ही पावसाळाभर ओल हाकलण्यासाठी. जिल्हा एकच, पण पेटी सांभाळायची रीत वेगळी. माझीही एक पेटी अशीच गेली. भाच्यानं जहाजावरून आणलेल्या अठरा सिगार, एका जुलैत मी त्या न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीतल्या फडताळात ठेवल्या. भिंत रात्री गार पडायची, आतली ओल पेटीच्या तळाशी साचायची. गणपतीला उघडून बघतो तर खालची रांग घोंगडीसारखी. चूक माझीच.

भोकांची गोष्ट वेगळी आणि तातडीची. तो तंबाखूचा किडा, बारीक गोल तपकिरी भुंगा. संकेश्वरी मिरचीच्या पोत्यात, हळदीत जो सापडतो तोच. अंडी पानात असतात, गरमी २४-२५ अंशांच्या वर गेली आणि ओल जास्त झाली की फुटतात. एकट्या ओलाव्याच्या आकड्यावर नजर ठेवून तो किडा जात नाही. भोकं पडलेल्या दोन सिगार घराबाहेर टाका. बाकीच्या दुहेरी झिपच्या पिशवीत घालून हवा काढा, एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. एकदम गरम-गार केलं तर पान फाटतं. पिशवी बाहेरच्या हवेला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर सिगारला घाम येतो. पेटी कोरड्या फडक्यानं झाडून घ्या. फ्रीजरमध्ये शेजारी ओलं खोबरं असेल तर वहिनींना आधी सांगून ठेवा.

प्रश्न : तिरुचिरापल्लीचे चिरूट मिळाले. त्यांनाही ६५ लागतात का?
— निपाणी

नाही. तो कोरडा माल. दोन्ही टोकं कापलेली, तोंडाला लावा आणि पेटवा. चर्चिलसाहेब ते ओढायचे म्हणतात, ते काही सीडरच्या पेटीतून काढून नव्हे! इटलीची टोस्कानो आणि हॉलंडच्या बारीक कोरड्या सिगारही तशाच, त्यांना घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा पुरतो. फक्त क्यूबनबरोबर एका डब्यात कोंबू नका. चिरूट ओलावा पिऊन गिळगिळीत होतील आणि क्यूबनला त्यांचा उग्र वास लागेल. चवीच्या, व्हॅनिला-रम लावलेल्या सिगारनाही वेगळी चूल.

प्रश्न : सेलोफेनचं कव्हर काढून ठेवावं की तसंच?
— चिकोडी

तसंच ठेवलं तरी चालतं, त्यातून ओलावा हळूहळू ये-जा करतो. कव्हरमध्ये किडा शेजारच्या सिगारवर जायला थोडा अडखळतो, हा वरचा फायदा.

प्रश्न : घरात लहान मुलं आहेत, म्हणून पेटी कपड्यांच्या कपाटात कुलपात ठेवलीय. चालेल ना?
— शहापूर, बेळगाव

कुलूप उत्तम. मी स्वतः ओढणं सोडून अकरा वर्षं झाली, डॉक्टरांनी छातीचा फोटो समोर धरला तेव्हा. नाक मात्र शाबूत आहे, म्हणून विचारतो : त्या कपाटात डांबरगोळ्या आहेत का? असतील तर आज संध्याकाळच्या आत एक तरी बाहेर काढा, गोळ्या किंवा सिगार.