पस्तिशीनंतरचा पगार

प्रश्न : पस्तिशीतल्या, जखमी कोबे ब्रायंटला एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या लेकर्स संघाने दोन वर्षांचे ४ कोटी ८५ लाख डॉलर द्यायला हवे होते का?

पैसे द्यायला हवे होते, घाई करायला नको होती. १२ एप्रिल २०१३ ला वॉरियर्स संघाविरुद्ध त्याची टाचेमागची शीर तुटली. तरी तो फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला, दोन्ही चेंडू बास्केटमध्ये टाकले आणि मगच मैदान सोडलं. ते बघितल्यावर त्याच्या पैशाबद्दल घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही. पण नवा करार झाला नोव्हेंबरात, तो एकही सामना खेळायच्या आत. डिसेंबरात परतला आणि सहाव्याच सामन्यात गुडघ्याचं हाड मोडलं. जुना करार मोसम संपेपर्यंत होताच, तोवर थांबता आलं असतं.

झळ बसली ती संघाला. २०१४-१५ ची पगारमर्यादा (एका संघाने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करावा याची लीगने ठरवलेली मर्यादा; स्वतःच्या जुन्या खेळाडूसाठी ती ओलांडता येते) होती सुमारे ६ कोटी ३० लाख. त्यातले २ कोटी ३५ लाख एकट्याचे. चांगले साथीदार आणायचे कशातून? ८२ पैकी २१ सामने जिंकले, पुढच्या मोसमात १७.

प्रश्न : डॅलस मॅव्हरिक्सच्या डर्क नोवित्स्कीने २०१४ मध्ये तीन वर्षांसाठी जेमतेम अडीच कोटी घेतले. बाकीच्यांनीही तसंच करावं ना?

डर्कबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हे त्याने स्वतःहून केलं. कुणाकडून ते हक्काने मागू नये. मायकेल जॉर्डन आठवा. १९९७-९८ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्याचा पगार ३ कोटी ३० लाखांवर होता, म्हणजे अख्ख्या संघाच्या पगारमर्यादेपेक्षा जास्त. त्याच्या बुल्स संघाने विजेतेपदही मिळवलं. त्यानंतर संघमालकांनी टाळेबंदी केली आणि खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या १९९९ च्या करारात एकेका खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा आली. आज दहा वर्षं खेळलेल्यालाही सर्वसाधारणपणे पगारमर्यादेच्या ३५ टक्क्यांपर्यंतच मिळतात, सात वर्षांपेक्षा कमी खेळलेल्याला २५. भर उमेदीत ज्याच्या जिवावर स्टेडियम भरतं, त्याला तेव्हा पुरतं मोल मिळत नाही. मग उतारवयातला मोठा आकडा ही मला खैरात वाटत नाही, ती जुनी थकबाकी आहे.

प्रश्न : आणि चाळिशीतला लेकर्सचा लेब्रॉन जेम्स?

२०२४-२५ मध्ये सामन्यामागे २४ च्या वर गुण, शिवाय वर्षातल्या सर्वोत्तम दहा खेळाडूंत निवड. त्याने पूर्ण पगार घ्यावा.