समुद्राजवळच्या घराचं ग्रील दरवर्षी रंगवूनही का गंजतं?

तुम्ही विचारलंय की घर समुद्रापासून जवळ आहे, दर दिवाळीला ग्रीलला ऑइल पेंट मारता तरी पावसाळ्यात गंज फुटतोच, तर रंगाची कंपनी बदलू का. नका बदलू. रंगाखाली जे राहतंय तिथे खरी गडबड आहे.

मी रत्नागिरीत फॅब्रिकेशनचं काम करतो. बरेच पेंटर पॉलिश पेपर वरवर फिरवतात, फडका मारला की लगेच ब्रश. पण खाऱ्या वाऱ्याने आलेलं मीठ गंजाच्या बारीक भेगांत बसलेलं असतं, ते नुसतं घासून निघत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं (पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं तसंच), रंगातूनही थोडा ओलावा आणि ऑक्सिजन आत जातोच, की झाला गंज सुरू. त्यात खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया, म्हणून आपल्याकडे वेग जास्त. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, तो रंगाला आतून उचलतो, फुगा येतो आणि खपली पडते.

म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवा, वायर ब्रशने किंवा ग्राइंडरने लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासा, परत धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, उद्यावर ढकललंत तर रात्रीच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर परत लाली चढते. रेड ऑक्साइडऐवजी झिंकवाला (जस्ताची पूड असलेला) इपॉक्सी प्रायमर घ्या, महाग पडतो पण चरा गेला तरी झिंक आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. फक्त त्याच्यावर नेहमीचा ऑइल पेंट थेट मारू नका, झिंकवर तो धरत नाही, सुटून येतो. मध्ये इपॉक्सीचा एक हात आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग.

नवीन ग्रील करणार असाल तर आधी सगळं वेल्डिंग करून घ्या आणि मग पूर्ण ग्रील गॅल्व्हनाइझिंगला (झिंकचा थर चढवायला) द्या. जीआय (आधीच झिंक चढवलेला) पाईप आणून नंतर वेल्डिंग केलं की जोडावरचं झिंक जळतं, गंज तिथूनच सुरू होतो.

आणि एक बघा, छज्जाखालचं ग्रील बऱ्याचदा उघड्यावरच्यापेक्षा लवकर जातं, कारण पावसाने मीठ धुतलं जात नाही, तिथे ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एकदा पाईपने गोडं पाणी मारत जा.