माझ्या कादंबरीतली बर्फाळ पठारावरची पशुपालक जमात कशावर जगेल?

उंच पठार, झाडं नाहीत, शेती नाही, म्हणून तुमची जमात जनावरं मारून खाते, असं तुम्ही लिहिलंय. तेवढं बदला. मी धनगराच्या घरातला. लडाखमध्ये कोर्झोक गावाजवळ चांगपांच्या, म्हणजे तिथल्या भटक्या पशुपालकांच्या तळावर काही दिवस राहून आलोय, त्यावरून सांगतो.

त्यांचं पठार चांगथांग 4,500 मीटरच्या आसपास, हिवाळ्यात पारा उणे 30 पर्यंत उतरतो. तिथे जनावर कापतात ते थंडीच्या तोंडावर. तेव्हा ते उन्हाळी गवतावर अंगानं भरलेलं असतं, मांस गोठून टिकतं आणि बर्फात चारायला तोंडं कमी उरतात. एरवी दूध, लोणी, छुरपी म्हणजे वाळवलेलं चीज आणि मीठ-लोण्याच्या चहात कालवलेलं भाजक्या जवाचं पीठ.

आता जव कुठून आले? पूर्वी चांगपा त्सो कार या खाऱ्या तळ्याचं मीठ मेंढ्यांच्याच पाठीवर लादून खालच्या गावांत न्यायचे आणि धान्य घेऊन परतायचे. आज पैसा येतो तो पश्मिन्यातून, उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेळ्यांच्या अंगावरून विंचरून काढलेल्या मऊ लोकरीतून. तेव्हा तुमच्या पठाराखाली शेतकऱ्यांची गावं हवीतच, आणि त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहारही.

याक ओझं वाहतो, त्याच्या केसांचा तंबू होतो, त्याला रेबो म्हणतात. आणि शेण! आमच्याकडे शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, खतासाठी. तिथे लाकूडच नाही, त्यामुळे शेण आणि लेंड्या चुलीत जातात. तळ कुठे टाकायचा हे ठरवताना गवत आणि पाणी यांच्याइतकाच सरपणाचाही विचार करावा लागतो.

दूध काढणं मात्र जरूर लिहा. शेळ्या समोरासमोर उभ्या करून त्यांच्या माना एकमेकींत अडकवत एकाच दोरीत गुंतवतात. लांबच लांब दुहेरी रांग होते, आणि बायका मागून एकेकीचं दूध काढत पुढे सरकतात. शेवटी दोरी ओढली की सगळा कळप मोकळा. मी रोज संध्याकाळी तेच बघत बसायचो.

नुसत्या थंडीला ही जनावरं पुरून उरतात. जीव जातो तो बर्फानं गवत झाकलं की. विण्याचा हंगाम हिवाळा सरतानाचा, नेमका तेव्हाच साठवलेला चारा संपत आलेला असतो. 2013 मध्ये अशाच बर्फात तिथे हजारो करडं दगावली. तुमच्या कथेतला सगळ्यात कठीण आठवडा मी तिथे ठेवला असता: बाहेर गवत दिसत नाही, आणि रेबोत चुलीजवळ, माणसांच्या पांघरुणात, कालपरवा जन्मलेली करडं.